शाळा गावाची, पण गाव कोणाचे?

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप आला तेव्हा जुन्या आठवणी लिहाव्यात, असे प्रथम मनात आले. वसतिगृहातील पहाटेची वंदना, थंडीत गार पाण्याची आंघोळ, पंगतीत वाढलेली आमटी, परीक्षेच्या दिवसांत कंदिलाभोवती केलेले वाचन, हे सारे लिहिण्यासारखे आहेच. परंतु ते माजी विद्यार्थ्यांनी लिहावे. त्यांच्या लेखणीला ती गोडी अधिक साधेल. इतिहासाचे विद्यार्थी आणि तीस वर्षे हाती खडू धरलेले शिक्षक म्हणून आम्हांस या निमित्ताने एक प्रश्न आपणा सर्वांपुढे ठेवावासा वाटतो. शाळा कोणाची असते?

प्रश्न वरवर सोपा आहे. सरकारी शाळा सरकारची, संस्थेची शाळा संस्थेची, असे उत्तर कोणीही देईल. पण पंचवीस वर्षांनी आलेला माजी विद्यार्थी फाटकातून आत पाऊल टाकताच "आमची शाळा" म्हणतो, तेव्हा तो सातबारा पाहून बोलत नसतो. ज्या अंगणातला कचरा त्याने काढला, ज्या झाडांना त्याने घागरीने पाणी घातले, ते अंगण त्याचे होते. मालकी कागदाने मिळते. आपलेपणा मात्र हातांना कष्ट पडल्यावाचून येत नाही. गावागावांत लोकांनी मिळून शाळा उभ्या केल्या त्यामागचे बळ हेच होते, आणि तेथेच एक धोकाही लपलेला होता. दोहोंविषयी आज बोलले पाहिजे.

सर्वांनी मिळून बांधणे ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण सहलीने मुलांना नेतो. तेथील उंच कमान आणि लाकडी फासळ्या पाहून मुले थक्क होतात. आम्ही त्यांना खांबांवरचे लेख दाखवतो. ते भव्य चैत्य कोणा एका राजाने आपल्या खजिन्यातून कोरवून घेतलेले नाही. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी तेथे आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत, भिक्खू आणि भिक्खुणी आहेत. एकाने एक खांब दिला, दुसऱ्याने दुसरा. धेनुकाकटाच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव तेथे आहे, आणि दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. श्रेष्ठीचे नाव कोरले गेले त्याच दगडावर, त्याच लिपीत, सुताराचेही नाव कोरले गेले. आपल्या कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या बौद्ध अस्थिकरंडकावरील छोट्या लेखातही दान देणाऱ्या ब्रह्माबरोबर ते काम करविणाऱ्या धर्मगुप्ताचे नाव आहे. देणारा आणि करणारा या दोघांची नोंद व्हावी, ही दृष्टी दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत होती. मधल्या काळात ती हरवली. देणाऱ्याचे नाव कोनशिलेवर राहिले आणि करणाऱ्याला कोनशिलेजवळ उभे राहण्याचीही मुभा उरली नाही.

ती दृष्टी परत आणण्याचे मोठे काम या कोल्हापूर नगरीत झाले, हे आपण विसरता कामा नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे वसतिगृहांची मालिका उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवावीत, असा हुकूम काढला. राजाची सत्ता आणि दरबारचा पैसा शिक्षणाच्या मागे उभा राहिला की काय होऊ शकते, याचा तो धडा होता. पुढे मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण बाबासाहेबांच्या हाती समाजाचे पुढारपण सोपवले, ते याच वाटेवरचे पाऊल होते.

मिस क्लार्क वसतिगृहाशी एका विद्यार्थ्याची हकीकत जोडलेली आहे. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोज येथे जन्मलेला हा मुलगा कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर विटाळ फेडण्यासाठी आंघोळ करावी, असे त्याला सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला आणि बोर्डिंग सोडले. तो मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील, ज्यांना पुढे सारा महाराष्ट्र कर्मवीर म्हणू लागला. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास सांगताना आपण बहुधा १९१९ पासून आरंभ करतो. आमच्या मते तो या न केलेल्या आंघोळीपासून सांगितला पाहिजे. सर्वांनी मिळून शाळा बांधायची असेल तर "सर्व" म्हणजे कोण, हे आधी ठरवावे लागते, आणि भाऊरावांनी ते विद्यार्थिदशेतच ठरवून टाकले होते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका चुलीवरचे जेवत, आळीपाळीने भाकऱ्या थापत, शेतात राबत आणि शिकत. पैसा कोठून आला? वेळप्रसंगी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, अखेरीस मंगळसूत्रही गेले. उरलेला भार रयतेने उचलला. घरोघरच्या बाया दळणाला बसण्यापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. आठवड्याने, पंधरवड्याने ते वसतिगृहाच्या पोत्यात जाई. त्याला मुष्टिफंड म्हणत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तर जेथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर संस्थेने व्हॉलंटरी शाळा काढल्या. जागेची, शिक्षकाच्या पोटापाण्याची सोय गावाने पाहायची आणि शिक्षक संस्थेने पुरवायचा. पाहता पाहता अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली.

मूठभर धान्याची किंमत बाजारभावाने काढली तर ती काहीच नाही. मग भाऊरावांनी एखाद्या धनिकाकडून एकरकमी देणगी घेण्यावर भर न देता मुठीमुठीने धान्य का जमवले? पैशाची चणचण हे कारण होतेच. पण त्याहून मोठे कारण आम्हांस असे दिसते की, जी बाई रोज सकाळी शाळेसाठी मूठ काढून ठेवते ती आपल्या मुलीला शाळेत का पाठवत नाही, हा प्रश्न तिचा तिलाच पडू लागतो. धनिकाच्या देणगीने इमारत उभी राहते. मुठीने पालक उभा राहतो. इमारतीला छप्पर नसले तरी शाळा झाडाखाली भरते, पण पालक नसले तर संगमरवरी इमारतीतही ती भरत नाही.

इतके लिहिल्यावर आमच्यातला आंबेडकरी वाचक आम्हांस थांबवतो आणि विचारतो, "गाव, गाव म्हणता ते कोणते?" ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याला राज्यव्यवस्थेचा पाया मानण्यास ठाम नकार दिला आणि व्यक्ती हाच घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. खेड्याची स्वयंपूर्णता ज्यांच्या पाठीवर उभी होती, त्यांचा तो अनुभव होता. पूर्वी कित्येक गावांत शाळा देवळात भरे. आणि शाळा देवळात भरली की अस्पृश्याचे मूल कोणी हुकूम न काढताही पायरीखाली राही. "गावाने शाळा बांधली" या वाक्यात कर्ता कोण आणि हमाल कोण, हे तपासल्याशिवाय त्या वाक्याचा गौरव करता येणार नाही.

येथे आमच्या स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगणे भाग आहे. त्यात आम्हांस भूषणावह असे फारसे काही नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातल्या एका लहान गावी आम्ही शिक्षक होतो. दोन खोल्यांची शाळा. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. वरून मंजुरी येईपर्यंत दोन वर्षे जातील, अशी चिन्हे होती. गावाने श्रमदानातून खोली बांधायचे ठरवले आणि देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली. गुरुजी म्हणून आम्हांस आत सतरंजीवर मानाने बसवण्यात आले. बौद्धवस्तीतली अठरा घरे होती. त्यांची माणसे मंडपाबाहेर चौथऱ्याला टेकून उभी होती. ती कोणी बाहेर काढलेली नव्हती, आणि आत या, असेही त्यांना कोणी म्हणाले नाही. ठराव झाला : प्रत्येक घराने शंभर रुपये आणि चार दिवस काम द्यावे, बौद्धवस्तीला पैसे झेपणार नाहीत, म्हणून त्यांनी पैशांऐवजी आठ दिवस काम द्यावे. ठरावात दयाबुद्धी होती. सर्वांना तो न्याय्य वाटला. आम्ही मान डोलावली. आमचे स्वतःचे लोक बाहेर उभे आहेत आणि आम्ही सतरंजीवर आहोत, हे आम्हांस दिसत होते. तरीही आम्ही बोललो नाही. नोकरी नवी होती, भिंत लवकर उभी राहावी अशी इच्छा होती, आणि ऐन वेळी खोट घालू नये असेही वाटले. मनाला समजावण्यास कारणे पुष्कळ सापडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली एक म्हातारी नातीला सोडायला शाळेत आली. तिने आम्हांस बाजूला बोलावले आणि म्हणाली, "गुर्जी, दगुड आमी वाहायचं, आन् बैठक देवळात व्हय? साळा आमच्याबी पोरांची हाय न्हवं? मग बैठक साळंच्या अंगणात घ्या. आन् शंभर रुपय आमीबी दिऊ. एकदम न्हाई, पर दिऊ. आठ दिस कुणाचं फुकट राबनार न्हाई."

बाई निरक्षर होती. आम्ही इतिहासाचे पदवीधर होतो. समतेचा ठराव कसा मांडावा, हे तिने आम्हांस शिकवले. तिने शिव्याशाप दिले नाहीत की बहिष्कारही पुकारला नाही. बैठकीची जागा बदला, आणि सर्वांना सारखा हिस्सा लावा, एवढेच तिचे म्हणणे होते. दया नको, हिस्सा हवा. आम्ही मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना भेटलो. थोडी कुरबूर झाली, पण पुढची बैठक शाळेच्या अंगणात झाली. तेथे आत आणि बाहेर असे काही नव्हतेच. सारे जमिनीवर बसले. वस्तीने शंभर रुपये तीन हप्त्यांत भरले आणि इतरांइतकेच चार दिवस काम केले. पुढच्या जूनच्या आत खोली उभी राहिली. शेवटच्या दिवशी गावजेवण ठरले तेव्हा काही घरे काही ना काही निमित्त काढून आली नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. भिंत एका उन्हाळ्यात बांधून होते. मनातली भिंत पाडण्यास तेवढा वेळ पुरत नाही.

तेव्हापासून गावाने मिळून काही केले, असे कोणी सांगितले की आम्ही चार गोष्टी विचारतो. बैठक कोठे झाली? हिशेबाची वही कोणाकडे आहे? कोनशिलेवर कोणाची नावे आहेत? आणि शेवटच्या दिवशी पंगत एक होती की दोन? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की ती शाळा खरोखर कोणाची, हे कळते.

हा प्रश्न केवळ आपल्या मुलखाचा नाही. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. नवे राज्य गरीब होते आणि शिक्षणाची भूक अफाट होती. तेथे "हरांबे" अशी हाक देण्यात आली. स्वाहिली भाषेतील या शब्दाचा आशय "सारे मिळून ओढू या" असा आहे. आपल्याकडच्या इर्जिकीशी त्याचे नाते सहज जुळेल. खेड्यापाड्यांतील लोकांनी विटा भाजल्या, पत्रे आणले, वर्गणी काढली आणि माध्यमिक शाळा उभ्या केल्या. १९७० च्या दशकात तर सरकारी माध्यमिक शाळांपेक्षा अशा हरांबे शाळांची संख्या अधिक झाली. जगात क्वचितच कोठे गरीब खेडुतांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या बळावर शाळा बांधल्या असतील. त्या लोकांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण पुढे काय झाले? कॉफी पिकवणाऱ्या सुपीक भागांत शाळा भराभर निघाल्या. रखरखीत, गुरे राखणाऱ्यांच्या मुलखात त्या फारशा निघाल्या नाहीत. ज्याच्या हाती होते त्याने उभारले. ज्याच्या हाती काहीच नव्हते तो मागेच राहिला. आणि खोल्या बांधल्या तरी शिकलेले शिक्षक मिळेनात. भिंती लोकांना बांधता येतात. प्रशिक्षित शिक्षकाचा महिन्याचा पगार वर्षानुवर्षे देणे खेड्याला झेपत नाही.

अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांची कहाणी आपल्याला अधिक जवळची आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली "गुलामगिरी" ज्यांना अर्पण केली ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते, हे आपण जाणतोच. गुलामगिरी संपल्यानंतरही दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा मोडक्या खोपटांत भरत. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेने ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याने १९१२ पासून खेड्यांतील शाळांसाठी पैसा देऊ केला. अट अशी की स्थानिक समाजानेही वाटा उचलावा आणि सरकारी मंडळानेही उचलावा. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार शाळा झाल्या. कापूस वेचणाऱ्या मजुरांनी नाणे नाणे साठवून, जमीन देऊन, लाकूड तोडून आपला हिस्सा भरला. त्यांचा एकूण वाटा त्या धनिकाच्या देणगीपेक्षा थोडा अधिकच भरला! गौरवाची गोष्ट खरीच. पण हेच लोक सरकारला करही भरत होते आणि त्या करातला मोठा भाग गोऱ्यांच्या शाळांवर खर्च होत होता. म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले : एकदा कर म्हणून आणि एकदा वर्गणी म्हणून. गोऱ्या मुलाच्या बापाला एकदाच मोजावे लागले.

आपल्याकडील सारा प्रश्न या एका ओळीत येतो. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते : महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, म्हणून प्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च करा आणि ते सक्तीचे करा. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात हिशेबच मांडला. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारी कराच्या रूपाने त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढे घटनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे निर्देशक तत्त्व आले; २००२ च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला; आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अंमलात आला. दानाची भाषा जाऊन हक्काची भाषा येण्यास सव्वाशे वर्षे लागली.

म्हणूनच आजकाल "लोकसहभाग" हा शब्द कानी पडला की आम्ही सावध होतो. शब्द चांगला आहे, पण तो कोणाच्या तोंडी आहे, हे पाहिले पाहिजे. समाजाने शाळेत लक्ष घालावे, हा लोकसहभाग. शासनाने शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात आणि गावाने वर्गणी काढून मानधनावर कोणाला तरी आणावे, हा लोकसहभाग नव्हे. तो दुसऱ्यांदा घेतलेला कर होय. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्यात पुढे आला. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, क्रीडांगण असेल, सोबती असतील, हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण डोंगरातल्या वस्तीवरच्या सात वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून तेथे जायचे आहे. वाहन येईल, असे कागदावर असते. ते ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी मुलगी घरी राहते, आणि अशा दिवसांची बेरीज झाली की तिचे लग्न ठरते.

आम्ही वर सांगितलेल्या शाळेचे पुढे काय झाले, हेही सांगतो. मागील वर्षी तेथे जाणे झाले. खोली भक्कम आहे. अंगणातली झाडे मोठी झाली आहेत. पट अकरा आहे. गावातील ऐपतदार घरांची मुले पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. उरलेल्या अकरांपैकी बहुतेक मुले बौद्धवस्तीतील आणि भूमिहीन घरांतील आहेत. ज्या अंगणात एके काळी सारे गाव जमिनीवर बसले होते, तेथे आता पालकसभेला चारपाच आया येतात. कोणी कोणाला बाहेर उभे केलेले नाही. या वेळी गावच शाळेबाहेर निघून गेले आहे. शाळा गरिबांची तेवढी उरली, आणि ती बंद झाली तर आवाज उठवणारे गावात कोणी उरले नाही. त्या म्हातारीने मिळवून दिलेले अंगण अशा रीतीने हातचे जात आहे.

आता थोडे आपल्याच घराकडे वळू. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवून लेख संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले. अवघ्या पाच वर्षांत त्यांनी शिक्षणाची दोन केंद्रे उभी केली. आज आपल्यात अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. जयंतीच्या कमानीवर, ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर एका रात्रीत उडणारी रक्कम आम्ही पाहतो आणि त्याच वस्तीतील मुलींच्या अभ्यासिकेला दिवा नसतो, हेही पाहतो. आपल्या संस्थांतही कधी कधी कारभार चार घरांत राहतो, हिशेबाची वही कपाटात राहते, आणि देणगीदाराचे नाव मोठ्या अक्षरांत कोरताना स्वयंपाकघरात तीस वर्षे भाकऱ्या थापणाऱ्या मावशींचे नाव कोणाला आठवत नाही. देवळाची पायरी आपण सोडली. आपल्याच कार्यालयाला नवी पायरी तर बांधली नाही ना, हे तपासले पाहिजे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मूठ आणि कर ही दोन वेगळी खाती आहेत. ती एकत्र करू नयेत. शिक्षकाचा पगार, खोली, पाणी, स्वच्छतागृह, पुस्तके ही शासनाची देणी आहेत, आणि ती आपण मागितलीच पाहिजेत. मुलांचा अभ्यास, शिस्त, वाचनाची गोडी, शाळेवर नजर आणि शाळेविषयी माया ही समाजाची देणी आहेत. ती कोणताही शासननिर्णय काढून मिळणार नाहीत. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे कायदा म्हणतो. त्या म्हातारीने अंगणात मागितले तेच आता कायद्यात लिहिले आहे. तरीही आपल्या वस्तीतील किती मातांना आपण या समितीच्या सदस्य आहोत, हे ठाऊक आहे? किती जणींनी कोरी वही पाहून सही केली आहे?

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती मोठी नाही. विद्यालयाला संगणक द्या, पंखे द्या, त्यांचा उपयोग होतोच. पण त्याहून अगत्याची गोष्ट म्हणजे आपापल्या गावच्या प्राथमिक शाळेत वर्षातून चार वेळा जा. समितीच्या बैठकीला बसा, वही मागा, रिकाम्या जागांचा अर्ज स्वतः लिहून द्या आणि त्याचा पाठपुरावा करा. तुमच्यापैकी जे शहरात स्थिरावले आहेत त्यांनी एका मुलीच्या वसतिगृहाचा खर्च उचलावा, पण तिला उपकाराचे पत्र लिहायला लावू नये. तो हिस्सा आहे, उपकार नव्हे. पालकांना विनंती अशी की, मुलाला येथे आणून सोडले म्हणजे आपले काम झाले, असे मानू नका; महिन्यातून एक दिवस स्वयंपाकघरात, बागेत, ग्रंथालयात हात लावा. आणि संस्थेच्या विश्वस्तांना, ज्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे, आग्रहाची सूचना : वार्षिक हिशेब मुख्य दारापाशी, सर्वांना वाचता येईल असा लावा. कार्ल्याच्या दारावर सुताराचे नाव आहे. आपल्या दारावर गवंड्याचे, शिपायाचे आणि मावशींचे नाव असू द्या.

या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयाची जुनी कागदपत्रे आम्ही चाळली. त्यांत आरंभीच्या वर्षांतील धान्याची एक वही मिळाली. कडा कुरतडलेल्या, शाई फिकटलेली. ज्वारी दोन पायली, तांदूळ एक पायली, नाचणी चार शेर, अशा नोंदी ओळीने आहेत आणि प्रत्येकीपुढे नाव आहे. काही नावांपुढे अंगठा आहे. त्या अंगठ्यांची नातवंडे आज या विद्यालयाचे माजी विद्यार्थी म्हणून ही स्मरणिका हाती घेऊन वाचत असतील. त्यांना सही करता येते. त्या वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.